पाटीचा दगड

घर सोडलं त्याच सकाळी मी चुकीच्या बसमध्ये चढलो. देवळीच्या स्टँडवर, ट्रंकेसकट, यवतमाळच्या. जायचं होतं वर्ध्याला आणि तिथून रेल्वेने पुण्याला. बाबांनी खिडकीतून हात घालून माझी कॉलर धरली. "इंजिनेर व्हाले चालला, अन् बोर्ड वाचता येत नाई तुले!" मग बरोबर गाडीत बसवलं आणि गाडी हलता हलता म्हणाले, "कोनासमोर पाटी ठेवून मांगं सरकू नोको."

हे वाक्य मला पाठ होतं, म्हणजेच मी ते ऐकत नव्हतो. आमच्या वस्तीच्या टोकाला अस्पृश्यांच्या मुलांसाठी बांधलेली वेगळी शाळा होती, एका खोलीची. बाबा तिथे शिकले. मास्तर वरच्या आळीतले, ते पायरी चढत नसत. दारासमोर एक काळा दगड होता. पोरांनी त्यावर पाटी ठेवायची आणि चार पावलं मागे सरकायचं. मग मास्तर येऊन काठीच्या टोकाने चूक दाखवणार. पाटीला हात लावायचा नाही.

पुढे सगळ्यांची शाळा एक झाली, खोलीत कडबा भरला, मग छप्पर कोसळलं. गेल्या वर्षी आम्ही गाव सोडलेल्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरवलं, खोली दुरुस्त करून अभ्यासिका करायची. इंजिनिअर मी, म्हणून प्रमुखही मीच. पुण्यातल्या गॅलरीत चहा पीत मी साइट चालवली. देवळीचा मिस्त्री मोबाइल फिरवायचा. मी "डावीकडे घ्या" म्हटलं की तो आभाळ दाखवायचा. दारासमोर मी ग्रॅनाइटचा रॅम्प काढला होता, ड्रॉइंगमध्ये फार देखणा.

"साहेब, हा दगड मधात येऊन राह्यला. ठेवाचा का?"

स्क्रीनवर चिखलाचा एक ठोकळा आणि त्यावर बसलेली बकरी. "फोडून भरतीत टाका," मी म्हणालो. वरून अंगठाही पाठवला.

त्याच महिन्यात बाबांचा तीनदा फोन आला होता. "उद्घाटनाले मी दगडावरच बसतो बरं." मी मीटिंगमध्ये. म्हातारा माणूस, बसायला काहीतरी मागतोय, असं वाटून मी गादीची खुर्ची सांगून ठेवली.

नव्वदीला टेकलेले बाबा पांढरा सदरा घालून आले. काखेत पाटी. कुठून शोधली कोण जाणे. रॅम्पवरून दोनदा खालीवर झाले.

"दगड कुठी हाय?"

मी चकचकीत फरशीकडे बोट दाखवलं.

मी माझ्या बालमित्रावर, शेषरावावर घसरलो, "काऊन सांगितलं नाही कोणी?" तो शांतपणे म्हणाला, "तुले काय सांगाव, बापा? तू साहेब. तू दुरून पाहूनच राह्यलता. आमाले वाटलं, तुले मालूम असन."

गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्ही ग्रुपवर फोटोंना टाळ्या वाजवल्यात. गावात राहिलेल्यांनो, तुम्ही गप्प बसलात आणि त्याला मी मान समजलो. मास्तरांकडे निदान काठी तरी होती, ती दगडापर्यंत पोचायची.

"तसाच दुसरा आणतो, बाबा."

"दुसऱ्यावर माही पाटी होती काय?" ते म्हणाले. "मास्तर गेला, शाळा गेली. म्या म्हनलं, आता एक डाव आपुन बसू. बस, येवढंच."

भाषणं संपेपर्यंत ते उभे राहिले. खुर्ची रिकामी. त्यानंतर ते तिकडे फिरकले नाहीत. फोनवर माझी विचारपूस करतात, हवापाणी सांगतात, अभ्यासिकेचं नाव काढत नाहीत.

अभ्यासिका छान चालते. नोकरभरतीची तयारी करणारी पोरं-पोरी फरशीचं कौतुक करतात. दगड नेमका कुठल्या फरशीखाली गेला, मिस्त्रीलाही आठवत नाही. माझ्यापुरतं गाव आता अभ्यासिकेच्या दारापर्यंतच उरलंय. सुट्टीत जातो, दाराशी चपला काढतो, हातातली पुस्तकं उंबऱ्यावर ठेवतो. आत मात्र जाववत नाही. चार पावलं मागे सरकतो आणि उभा राहतो.