खापरपणजोबांचं मत

जर्मनीत र्युसेल्सहाइमला नोकरीला होतो तेव्हा फ्रँकफर्टहून सुटणाऱ्या सकाळच्या एस-बान लोकलमध्ये एक जर्मन आजोबा रोज माझ्यासमोर बसत. मांडीवर जुन्या पत्रांच्या झेरॉक्स आणि हातात भिंग. ते जुनं वळणदार हस्ताक्षर ओठ हलवत, एकेक अक्षर लावत वाचत. एखादा शब्द लागला की तो पेन्सिलीने वर लिहीत आणि माझ्याकडे बघून हसत.

पत्रं त्यांच्या खापरपणजोबांची होती. ते अमेरिकेत शेती करायला गेले होते. पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी येऊ द्यायची की नाही, यावर तिथली निवडणूक पेटली होती. उमेदवारांचे तासन्‌तास चालणारे वाद त्यांनी मैदानात उभं राहून ऐकले होते. पण मत कुणाला दिलं, ते आजोबांना सापडत नव्हतं.

"गुलामगिरीच्या विरुद्धच दिलं असणार," मी म्हणायचो.

"वाचू या," ते म्हणायचे.

एका सकाळी ते नुसतेच खिडकीबाहेर बघत बसले होते. मी विचारलं, "सापडलं का?"

"हो. विरुद्धच दिलं."

"मग चांगलंच झालं की."

"लिहितात, गुलाम बाळगणारे आले तर चांगली जमीन तेच घेतील, मग आपल्या मुलांना काय उरणार? गुलामांबद्दल एक शब्द नाही." भिंग खिशात ठेवत म्हणाले, "मत बरोबर होतं. कारणही तसंच असायला हवं होतं."

पुढच्या सोमवारी पाहतो तर तेच पत्र पहिल्यापासून वाचत होते. म्हणाले, "एखादी ओळ सुटली असेल."

आता मी घरूनच काम करतो. ती ओळ त्यांना सापडली असावी, असं अजूनही वाटत राहतं.