वाढीव पाऊस

माणूस खोटं बोलून गोत्यात येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी खरं बोलून आलो. आयुष्यात एकदाच बोललो, आणि तेवढ्यात. बसा, चहा उकळेपर्यंत सांगतो. हसायचं असेल तर शेवटी हसा. मध्येच कोणी हसलं की मला वाटतं गोष्ट संपली, आणि मी उठून जातो.

आधी माझी नोकरी सांगायला हवी, कारण सगळी भानगड तिच्यातून निघाली.

मी पाऊस मोजतो. डिंभे धरणाच्या वर, आहुप्याच्या वाटेला आमचं गाव. नाव सांगत नाही, साहेब लोकांच्याही कानावर जातं. गावाच्या कडेला तारेच्या कुंपणात एक पर्जन्यमापक आहे. पर्जन्यमापक म्हणजे काय, तर डबा. डब्यावर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी आठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा आणि तालुक्याला फोन करून सांगायचा. झालं काम. बावीस वर्षं मी हेच करतोय.

आता पाऊस चार महिने, पण वही बारा महिन्यांची. म्हणजे उरलेले आठ महिने मी रोज सकाळी कुंपणाचं कुलूप काढतो, कोरडी बाटली उलटी करून बघतो, वहीत शून्य लिहितो आणि फोन लावतो.

"शून्य."

पलीकडचा विचारतो, "शून्य?"

"शून्य."

"बरं."

बावीस वर्षांची आमची मैत्री आहे. अजून एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही.

तर गेल्या जुलैमधली गोष्ट. खालच्या गावातल्या कॉलेजात लांडे सरांनी बारावी पास झालेल्या मुलांसाठी मेळावा ठेवला. पुढं काय शिकायचं, कोणत्या कामाला कोणती वाट जाते, हे त्या त्या कामातल्या माणसांनीच येऊन सांगायचं. आईबापांनाही बोलावलं होतं. मुलांनी काय शिकायचं हे आईबाप ठरवतात, आणि आईबापांनी काय ठरवायचं हे शेजारी ठरवतात, त्यामुळं शेजारीही आले होते.

बोलणारे तीन ठरलेले. एक रिटायर फौजी, एक दवाखान्यातल्या सिस्टर आणि एक बँकेतले साहेब. फौजींची त्याच दिवशी भातलावणी निघाली. सिस्टरांना ड्युटी लागली. साहेब एसटीत होते आणि एसटी वाटेत कुठंतरी होती.

मी तिथं कशाला होतो? ग्रामपंचायतीच्या सतरंज्या टेम्पोत घालून आणल्या होत्या. लांडे सरांनी सतरंज्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"बबनराव, पाच मिनिटं बोला."

"कशावर बोलू?"

"तुमच्या कामावर बोला. सरकारी आहे ना?"

"आहे की."

"मग झालं तर. साहेब येईपर्यंतच."

साहेब पावणेदोन तासांनी आले.

माझ्या नोकरीतलं खरं जेवढं होतं तेवढं दोन मिनिटांत संपलं. पुढं साठ-सत्तर पोरं, त्यांच्या मागं त्यांचे बाप, आणि माझ्या हातात माइक. आता तुम्हीच सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? माइक परत द्यायला पाहिजे होता. ते मला नंतर सुचलं.

मी सांगितलं की उपग्रह असतो, पण तो ढगाच्या वर. ढगाच्या खाली काय चाललंय हे त्याला काय कळणार? तिथं मी असतो. सकाळी आठला माझा आकडा गेल्याशिवाय तालुका चहा पीत नाही. टीव्हीवरची बाई पावसाचा आकडा सांगते, तो आमच्या कुंपणातून गेलेला असतो. एकदा मला ताप होता, तर धरणावरचे मोठे साहेब गाडी घेऊन घरी आले आणि उशाशी बसून म्हणाले, बबनराव, नुसतं अंदाजानं सांगा, पण सांगा. पुण्याहून एक फार मोठे अधिकारी रोज सकाळी विचारतात, आज छत्री घेऊ का? मी म्हणतो, घ्या, पण दुपारनंतर.

टाळ्या पडल्या. बँकेचे साहेब आले तेव्हा त्यांना बसायला सतरंजी उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी आठला मी कुंपणात शिरतोय तर बाहेर प्रतीक्षा उभी. प्रतीक्षा म्हणजे आमच्या वरच्या वाडीतल्या देवराम गवारीची मुलगी. सायन्सला कॉलेजात पहिली आलेली. नाशिकला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आमच्या वाडीतून नर्सिंगला जाणारी ती पहिलीच.

"काका, काल लई भारी बोललात तुमी."

"आपलं सुचलं तसं," मी म्हटलं.

"आबा रात्रभर झोपलं न्हाईत. म्हणतात, हितं उंबऱ्यापाशी एवढी मोठी नोकरी असताना पोरगी नाशिकला कशाला धाडायची? दाखला, मार्कलिस्ट, समदं पेटीत टाकलंय. किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधलीय. म्हणतात, बबनची जागा रिकामी झाली की तुलाच चिकटवू."

"माझी जागा कशानं रिकामी होईल?"

"आबा म्हणलं, बबन काय आता फार दिस काढीत न्हाई."

मी बाटलीकडं बघितलं.

"काका," ती म्हणाली, "दोन वर्षं पहाटंच्या गाडीनं खाली जाऊन शिकले मी. गाडी न्हाई आली तर चालत. तुमी पावणेदोन तासांत मोडलंत. आता तुमीच जोडा. सोमवार शेवटचा."

आणि गेली. रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या माणसाला मी काहीतरी सांगून गप्प करू शकतो.

त्या दिवशी मी ठरवलं की देवरामला खरं सांगायचं. खरं सांगायची मला सवय नाही, म्हणून रात्री दोनदा घोकलं.

शनिवारी वाडीवर गेलो. देवराम माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. लहानपणापासून मला बबन्या म्हणतो. त्या दिवशी ओट्यावर घोंगडी अंथरली आणि म्हणाला, "या साहेब."

मी बसलो. चहा आला. मी म्हटलं, "देवराम, मी परवा खोटं बोललो."

"मोठी माणसं असंच म्हणत्यात."

"अरे, ते उपग्रह, ते साहेब, काही नाही. नुसता डबा आहे. दहा मिनिटांचं काम."

देवरामचा कप तोंडापाशी थांबला. "किती?"

"दहा मिनिटं."

"दिसातनं?"

"दिसातनं."

"आन् मग राहिल्याला दिस?"

"राहिलेला काय, मोकळा."

"आन् उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात शून्य. आठ महिने नुसतं शून्य लिहितो."

"शून्य लिवल्यालं सरकार धरतं?"

"धरतं."

देवरामनं कप खाली ठेवला आणि घरात तोंड करून हाक मारली, "अगं ए, भाईर ये. साहेब काय सांगत्यात ऐक."

त्याची बायको बाहेर आली, दोन शेजारीही आले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, अगदी खरं खरं. याला डिग्री लागत नाही. परीक्षा नाही. बदली नाही. साहेब बघायला येत नाही, वाट खराब आहे. मी नोकरी जितकी हलकी करून सांगावी तितके त्यांचे चेहरे उजळत गेले.

"आयला," एक शेजारी म्हणाला, "लावणी नाय, काढणी नाय, अन् शून्याचं पीक!"

"परवा तुमी ह्ये का नाय सांगितलं?" देवराम मला म्हणाला. "परवा मला वाटलं लई जोखमीचं काम हाय. पोरीला झेपंल का न झेपंल, मन खात व्हतं. आता मिटलं. उद्या सकाळी आणतो तिला. लगेच शिकवायला घ्या."

दाराआड प्रतीक्षा उभी होती. तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती नजर मी याआधी फक्त एकदा, माझ्या लग्नात, सासूच्या तोंडावर बघितली होती.

संध्याकाळपर्यंत त्या दोन शेजाऱ्यांनी आपापल्या पोरांना निरोप धाडले, आयटीआयचे फॉर्म भरू नका म्हणून. माझ्या खोट्यानं एक पोरगी अडकली होती. माझ्या खऱ्यानं वाडी अडकली.

रविवारी सकाळी आठला देवराम प्लॅस्टिकची खोळ घेऊन हजर. मागं प्रतीक्षा, मागं ते दोघं शेजारी. रात्रभर पाऊस बेताचा होता. मी कुलूप काढलं, नरसाळं उचललं, बाटली काढली, पाणी काचेच्या मापात ओतलं आणि माप कट्ट्यावर ठेवलं. मग वरून नजर टाकली.

"अठरा मिलिमीटर," मी म्हटलं आणि वही उघडली.

"बघ, कसं झटक्यात," देवराम शेजाऱ्यांना म्हणाला.

"काका, तुमी असं उभ्यानं वाचता?" प्रतीक्षानं विचारलं. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"माझा गुडघा वाकत नाही."

"कवापासनं?"

"सतरा-अठरा वर्षं झाली असतील."

ती चिखलात उकिडवी बसली. डोळा पाण्याच्या रेषेला आणला. बराच वेळ बघत राहिली.

"सोळा," ती म्हणाली. "सोळाला पण जरा कमीच."

"अगं, कडेला बघ. अठराला टेकलंय."

"कडेला पाणी काचेला धरून वर चढतं, काका. मधी वाटीगत खोलगट असतं, त्याचा तळ वाचायचा. आन् डोळा रेषेत पाहिजे. वरनं बघितलं की जास्तच दिसतं. प्रॅक्टिकलला पहिल्याच दिवशी शिकवतात ह्ये."

"अर्धा-पाऊण असेल तर मी पुढच्या आकड्यावर नेतो," मी म्हटलं. हे का म्हटलं, मला अजून कळलेलं नाही. खरं बोलायची सवय लागायला लागली असावी. "अर्धा सांगितला की तालुक्याचा माणूस दोनदा विचारतो."

पाऊस खोळीवर वाजत होता. देवराम हळूहळू हिशेबाला लागला.

"म्हंजी रोज दोन जास्त?"

"पाऊस असंल त्या दिशी," प्रतीक्षा म्हणाली.

"बावीस वर्षं?"

मी म्हटलं, "पहिली चार-पाच वर्षं गुडघा चांगला होता."

देवरामनं माझ्याकडं बघितलं. "तोंडानं वाढवून सांगतोस त्ये गावाला ठावं व्हतं. पाऊस बी वाढवून लिवतोस व्हय रं, बबन्या?"

तीन दिवस मी साहेब होतो. संपले.

"शून्यात मात्र माझी कधी चूक झाली नाही," मी म्हटलं.

"शून्य कोण चुकंल?" शेजारी म्हणाला.

देवराम कट्ट्यावर टेकला. "तू बारावीला नापास ना रं?"

"नापास. इंग्रजी आणि केमिस्ट्री."

"म्हंजी हिला पहिल्या दिशी शिकवल्यालं तुला आजपातूर कुणी सांगितलं न्हाई."

"नाही."

मग तो पोरीकडं वळला. "नर्सला काय काम असतं गं?"

"मोजायचंच असतं, आबा. ताप मोजायचा, औषध मोजायचं, सलाइनचं थेंब मोजायचं."

"त्यात दोन जास्त झालं तर?"

"माणूस जातं."

देवराम माझ्याकडं बघत राहिला. बेल्ह्याच्या बाजारात गिऱ्हाईक बैलाचे दात बघतं आणि काही न बोलता पुढच्या बैलाकडं जातं, तसं बघितलं त्यानं. मग सदरा वर केला आणि करगोट्याची गाठ सोडायला लागला. गाठ भिजून घट्ट झाली होती, सुटेना. शेवटी दातानं सोडली. किल्ली पोरीच्या हातात ठेवली.

"जा," तो म्हणाला. "पुरं शिकून ये. ह्याच्यावानी उभ्या-उभ्या राहू नको."

शेजाऱ्यांनी मोबाइल काढले. आयटीआयवाल्या पोरांना पुन्हा निरोप गेले.

सोमवारी पहाटेची एसटी आली नाही. बापलेकीला सतरंज्यांच्याच टेम्पोत घालून मी नारायणगावपर्यंत सोडलं, तिथून त्यांना नाशिकची गाडी मिळाली. वाटेत मी एक शब्द बोललो नाही. देवरामची अटच तशी होती. साडेतीनला प्रतीक्षाचा फोन आला, कागद जमा झाले म्हणून. त्याआधी नऊ वाजता तालुक्याचा फोन आला होता, आजचा आकडा कुठंय म्हणून. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी आठला कुंपणात नव्हतो. तालुक्यानं तोवर चहा घेतलेला होता.

त्यानंतर मी एक छोटा पाट घेऊन जायला लागलो. पाटावर बसतो, डोळा रेषेत आणतो, वाटीचा तळ वाचतो. पंधरा दिवसांनी तालुक्याच्या माणसानं बावीस वर्षांत पहिल्यांदा जादा प्रश्न विचारला.

"तुमच्याकडं यंदा पाऊस कमी झाला का हो?"

"नाही," मी म्हटलं, "मी बसायला लागलो."

"बरं," तो म्हणाला.

यंदाच्या मेळाव्याला लांडे सरांनी मला पुन्हा बोलावलं. या वेळी रीतसर, पत्र देऊन. मी नवा शर्ट शिवला. सगळ्या गावाला पत्र दाखवलं. मेळाव्याला गेलो तर फौजी आलेले, सिस्टर आलेल्या, बँकेचे साहेब तर सतरंज्यांच्याही आधी आलेले. सुट्टी काढून प्रतीक्षाही आली होती, तिचं नाव शेवटच्या भाषणाला. आणि तिच्या नावाखाली माझं.

मी सरांना बाजूला घेतलं. "सर, मी किती वेळ बोलू?"

"तुम्ही बोलायचं नाही, बबनराव," सर म्हणाले आणि माझ्या हातात काचेचं माप दिलं. "प्रतीक्षा बोलेल. ती सांगेल तेव्हा तुम्ही फक्त आकडा वाचायचा. उभ्यानं."