गव्हातल्या गोळ्या

पिंप्राळ्यात सूरजबाईंचं किराणा दुकान होतं. नळाला गढूळ पाणी आलं की बायका तुरटी मागायला त्यांच्याकडेच येत. दाढी करताना कापलं, हिरड्यांतून रक्त आलं, तरी सूरजबाई तुरटीच पुढे करायच्या. घरच्या वर्षभराच्या गव्हात मात्र त्या कडुनिंबाचा पालाच घालत.

यंदा पाल्याला न जुमानता गव्हात सोंडे किडे झाले. मुलगा रोनक चोपड्याहून गोळ्या घेऊन आला. सून जिनल आणि तिची सहा वर्षांची आयुषी जैन स्थानकात प्रवचनाला गेल्या होत्या, तेवढ्यात त्याने त्या गोण्यांमध्ये ठेवल्या. गोण्यांच्या खोलीला लागूनच आयुषीची खाट होती. गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या. हवेतला ओलावा लागला की त्यांतून विषारी वायू निघतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

सकाळी आयुषी उलट्या करू लागली. सूरजबाईंनी स्वतःच्या ॲसिडिटीच्या बाटलीतलं पांढरं औषध तिला चमचाभर पाजलं. त्यातही ॲल्युमिनियमचंच संयुग होतं, पण ते पोटातलं आम्ल शमवणारं. या विषापुढे त्याचा काही उपयोग नव्हता. दवाखान्यात पोरीचे हातपाय गार पडले होते. डॉक्टरांनी विचारलं, "घरात धान्याला गोळ्या लावल्यात का?"

दुपारी आयुषी गेली.

पोलिसांनी विचारलं, गोळ्या कुणी ठेवल्या? जिनल भिंतीला टेकून बसली होती. सूरजबाईंनी मुलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी. मीच ठेवल्या."

रोनक जिनलशेजारी जाऊन बसला.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. जिनल माहेरी अमळनेरला गेली, चार महिन्यांनी परतली. घरात सासूशी ती एक शब्द बोलत नाही. ताट आणून ठेवते, न बघता निघून जाते.

एकदा दुकानात कुणी नसताना रोनक आईजवळ आला. "बाई, मी सांगून टाकतो तिला."

"मग ती तुझ्याजवळ राहील का?"

तो तराजूतली वजनं उतरवू लागला.

"माझी किती वर्षं उरलीत," सूरजबाई म्हणाल्या. "जा, जेवून घे."

तो गेला. आणि त्याला हायसं वाटलं, हे सूरजबाईंना त्याच्या पाठमोऱ्या चालण्यावरूनही कळलं.