निळे मास्तर

माझी फजिती मीच सांगितलेली बरी. देवळीत दुसऱ्या कोणाला विचाराल, तर तो पदरचं तिखटमीठ लावून सांगेल!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रविवारची सकाळ, अर्ध्या गालावर साबण, आणि दारात सायकलवरून दवाखान्याचा कंपाउंडर, "गुरुजी, नागपूरचा नंबर लागला! बुधवारी सीटी स्कॅन!"

नंबर माझ्या बायकोचा, सुमनचा. तिचे ओठ, नखं निळी पडायची. चार पायऱ्या चढली की धाप. वर्ध्याच्या डॉक्टरांनी हृदय तपासलं, ते ठणठणीत! "मग फुप्फुसातच काहीतरी असेल. नव्या मशीनमध्ये दिसेल. पण प्रत्येक फोटोला श्वास रोखावा लागतो. सराव करून जा."

सराव! हा शब्द मास्तरसमोर काढायचा असतो का? मी शाळेतली शिट्टीच घरी आणली. पहिली शिट्टी, श्वास बंद. दुसरी, सुरू. दुसऱ्या दिवशी पाहतो तर भिंतीपलीकडच्या वच्छलाकाकूही शिट्टी ऐकून पोळी लाटायच्या थांबलेल्या!

"आधीच मले श्वास पुरत नाई," सुमन म्हणाली, "अन् हा माणूस तोबी बंद करून राह्यला!"

बुधवारी तिला मशीनमध्ये सरकवलं. मी मशीनवाल्याच्या खोलीच्या दारात. तो माइकवर म्हणाला, "श्वास रोखा." मीही रोखला. तिला एकटीला कसं रोखू द्यायचं? तेवढ्यात कोणीतरी दार लावलं. 'सोडा' मला ऐकूच आलं नाही. आणि दुसऱ्या शिट्टीशिवाय मास्तर सोडतो का?

डोळे उघडले तेव्हा मी स्ट्रेचरवर. नर्स ओरडत होती, "ओठ निळे पडले! पेशंट बाहेर कसा आला?" आणि दोघं मला आत ढकलत होते!

समोरून सुमन चालत आली.

"अवो, फोटो माहा होता ना? हे काऊन झोपले?"

डॉक्टरांनी फिल्म पाहिली. "फुप्फुसातली एक रक्तवाहिनी आडमार्गानं जाते. देवळीच्या स्टँडवर न थांबता निघून जाणाऱ्या गाडीसारखी. रक्त हवा न घेताच पुढे जाते. ऑपरेशननं बंद करता येईल." सुमननं माझा हात घट्ट धरला. मग ते माझ्याकडे वळले. "वहिनी निळ्या का पडतात ते शोधायला मशीन लागली. तुम्ही का पडलात, ते मला इथूनच दिसतं! तरी एक कार्डिओग्राम काढून घ्या."

ऑपरेशन झालं. ओठ गुलाबी झाले, आणि त्याच ओठांनी ती मला कित्येक वर्षं 'निळे मास्तर' म्हणत राहिली. "कार्डिओग्राम काढला का?" हेही दर दिवाळीत विचारायची. मी म्हणायचो, पुढच्या सुट्टीत.

गेल्या वर्षी सुमन गेली. माझा कार्डिओग्राम काढायचा राहिलाच.