रिकामा खिळा

आमचे ड्रॉइंगमास्तर माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, हाताकडे बघत. नमस्कार झाला की त्यांची नजर खाली उतरायची आणि समोरच्याच्या बोटांवर बराच वेळ रेंगाळायची. नवख्या माणसाला वाटे, आपल्या हाताला काही लागलंय की काय. आम्हा सवयीच्या लोकांना त्याचं काही वाटत नसे. "तोंड खोटं बोलतं," मास्तर म्हणत, "हाताला ते जमत नाही."

मी बी.ए. होऊन पौडच्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो तेव्हाची ही गोष्ट. आमच्या घरात माझ्या आधी कुणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. वडील भातशेती करत. मुठा खोऱ्यातल्या त्या खाचरांत मीही कॉलेजच्या सुट्टीत नांगर धरला होता, पण शाळेत रुजू होताना ते कुणाला कळू नये अशी माझी धडपड होती. नवा कोट शिवला होता. पहिल्या दिवशी मास्तरांनी माझा हात हातात घेतला, तळवा उलटा केला आणि म्हणाले, "लेखणीचा घट्टा नवा आहे. नांगराचा जुना. दोन्ही राहू द्या, बीए." त्या दिवसापासून ते मला 'बीए' म्हणू लागले आणि मी तो कोट फक्त तपासणीच्या दिवशी घालू लागलो.

मास्तरांचं मूळ गाव मुळशीच्या धरणात गेलं होतं. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. बायको वारलेली, एकुलती लेक नाशिककडे दिलेली. ते शाळेमागच्या खोलीत एकटे राहत. खोलीत एक खाट, एक ट्रंक आणि रंग वाटायचा एक काळा दगड. गेरू, पिवडी, नीळ, काजळी, सगळं ते घरीच तयार करत. कागद परवडत नसे म्हणून शाळेने टाकून दिलेल्या फाटक्या नकाशांच्या पाठीवर चित्रं काढत. नकाशाला मागून कापड लावलेलं असतं, ते रंग चांगला धरतं. त्यामुळे मास्तरांचं चित्र उलटं केलं की मागे एखादा समुद्र नाहीतर अर्धा युरोप निघायचा.

लग्नसराईत मास्तर खरे लोकप्रिय. आसपासच्या गावांत लग्नघराच्या दारावर गणपती, केळीचे खांब आणि नवरा-नवरीची नावं रंगवायची पद्धत होती, आणि ती भिंत मास्तरांनीच रंगवावी असा लोकांचा हट्ट असे. बिदागी म्हणून एक नारळ आणि दुपारचं जेवण. मी एकदा विचारलं, "मास्तर, एवढे दोन-दोन दिवस शिडीवर उभं राहून तुम्हाला मिळतं काय?" ते हसले. "भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला लोक विसरतात, बीए. मग ते जसे आहेत तसे वागतात. मला तेवढंच पाहिजे असतं."

माझं नुकतंच लग्न झालं होतं. त्या काळी आमच्याकडे नवरा पुढे आणि बायको दहा पावलं मागे, असंच चालायचं. आम्हीही तसेच चालत असू. एकदा बाजारातून येताना मास्तर समोरून आले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग लांबवर मागून येणाऱ्या माझ्या पत्नीकडे, आणि म्हणाले, "बीए तुम्ही झालात. सूनबाई अजून दहा पावलं मागं का?" मी म्हणालो, "लोक काय म्हणतील?" त्यांनी माझ्या मोकळ्या हाताकडे पाहिलं आणि मग तिच्या दोन्ही हातांतल्या पिशव्यांकडे.

मास्तरांची एकच इच्छा होती. आयुष्यात एकदा आपल्या सगळ्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं. तरुणपणी ते चित्रांची वळकटी घेऊन पुण्याला गेले होते. तिथे कुणीतरी म्हणालं, "हे नुसते हातच हात. माणसं कुठे आहेत?" मास्तर वळकटी घेऊन परत आले. त्यानंतर वीस-बावीस वर्षं ते काढतच राहिले. आता मेमध्ये ते निवृत्त होणार होते आणि लेकीकडे जाणार होते. हेडमास्तरांनी मार्चमध्ये चार दिवस शाळेचा मोठा वर्ग द्यायचं कबूल केलं. पुन्हा अशी संधी येणार नव्हती, हे मास्तरांना कळत होतं आणि मलाही.

मास्तरांनी एसटी थांब्याजवळ स्वतःच्या सुरेख अक्षरात फलक लावला : 'ड्रॉइंगमास्तरांच्या चित्रांचे प्रदर्शन. विषय : प्रेम.'

दुपारपर्यंत गावभर झालं. चहाच्या दुकानात मला ऐकवलं गेलं, "काय गुरुजी, मास्तरांचं ह्या वयात?" संध्याकाळी शाळा समितीच्या अध्यक्षांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. त्यांना सगळे तात्या म्हणत. मोठे शेतकरी, आवाज खणखणीत, स्वभाव कडक. शाळेची इमारत त्यांच्याच खटपटीने उभी राहिली होती.

"मास्तर, शाळा हाय का तमाशाचा फड?" तात्यांनी बसायलाही सांगितलं नाही. "आमच्या पोरी शिकत्यात तितं. प्रेम म्हंजे काय लावलंय? निसर्गदेखावे लिवा, न्हाईतर काढून टाका."

मास्तर शांतपणे म्हणाले, "दुसरा शब्द असला तर तुम्हीच द्या, तात्या. माया म्हणू? ती लेकराची. भक्ती म्हणू? ती देवाची. मी नवरा-बायको काढलेत, सासू-सून काढल्यात, बैल आणि त्याचा धनी काढलाय. ह्या सगळ्यांना पुरेल असा मला तरी एकच शब्द सापडला."

तात्या म्हणाले, "उद्या सकाळी मी सोता येनार. सगळ्यांच्या आधी. एक जरी चितार वंगाळ निघालं, तरी तितल्या तितं गुंडाळायचं. काय?"

"चालेल," मास्तर म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून चित्रं लावली. मी खिळे ठोकत होतो, मास्तर चित्रं देत होते. सगळी चित्रं लागल्यावर अगदी शेवटचा, खिडकीजवळचा एक खिळा रिकामा राहिला. मास्तर म्हणाले, "तो असू द्या." वर्गात आणलेल्या ट्रंकेत एक चित्र सुरळी करून, सुतळीने बांधून ठेवलेलं होतं. "तेही असू द्या," असं म्हणून ते खोलीवर गेले.

आता माझी चूक सांगतो. मी शाळामास्तर. शाळेच्या भिंतीवर रिकामा खिळा दिसला की तपासणीस पहिला प्रश्न विचारतात, "इथला नकाशा कुठे गेला?" तो धसका आमच्या अंगात मुरलेला. सकाळी लवकर वर्ग उघडला तर तो खिळा मला डोळ्यांत खुपायला लागला. वाटलं, मास्तर थकलेले होते, शेवटचं चित्र लावायचं राहून गेलं. तात्या येणार, आणि भिंत अशी अर्धवट? मी ट्रंकेतली सुरळी काढली, सुतळी सोडली. चित्रात एका बाईची पाठ होती. तिचा उजवा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला, आणि एक पुरुष मागे बसून तिची वेणी घालतो आहे. दोघांचीही तोंडं दिसत नव्हती. पुरुषाची करंगळी अर्धीच होती. मला वाटलं, घाईत रंगवायची राहिली असेल. मी चित्र खिळ्याला लावलं आणि समाधानाने हात झटकले.

तात्या समितीच्या दोन सभासदांना घेऊन आले. त्यांच्या पत्नीला गाव आक्का म्हणे. त्याही शेजारच्या बायकांबरोबर आल्या होत्या, पण पुरुष आत असताना बायका आत येत नसत. त्या व्हरांड्यात, दाराशी थांबल्या. मास्तर तात्यांच्या मागे दोन पावलं चालत होते.

पहिल्या चित्रात एक म्हातारा आपल्या दात पडलेल्या बायकोसाठी शेंगदाणे कुटत होता. तात्या नुसते "हं" म्हणाले. दुसऱ्यात सुनेच्या पायातला काटा सासू बाभळीच्या काट्याने काढत होती. तिसरं चित्र पोळ्याच्या आदल्या दिवशीचं. जू ओढून सुजलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-तेल चोळणारे दोन हात. तिथे तात्या बराच वेळ थांबले. "ह्यो घोटावड्याचा सखाराम न्हवं? खांदमळणी करावी तर त्यानंच," ते सभासदांना म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. दारापाशीच्या चित्रात काळ्या दगडावर गेरू वाटणारा एका बाईचा हात होता. ती कोण, हे मास्तरांना कुणी विचारलं नाही. मला हायसं वाटू लागलं.

मग तात्या खिडकीजवळच्या शेवटच्या चित्रासमोर आले, आणि त्यांनी आपला उजवा हात झटकन उपरण्याखाली घेतला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तात्यांची उजवी करंगळी अर्धी होती. तरुणपणी पेंढा तोडताना गेलेली. साऱ्या तालुक्याला ते ठाऊक होतं, मलाही होतं. दोन वर्षं मास्तरांच्या सहवासात काढून मी वेणी पाहिली होती, हात पाहिला नव्हता. थोरल्या लेकीच्या लग्नाआधी आक्का बांधावरून घसरून पडल्या होत्या, त्यांचा हात मोडला होता. त्याच लग्नाची भिंत मास्तरांनी रंगवली होती.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण वीस वर्षांची आशा तिथे संपताना मला दिसली. मी पुढे झालो. "तात्या, चूक माझी आहे. मास्तरांनी हे चित्र..."

तात्यांनी डावा हात वर करून मला गप्प केलं. ते चित्राजवळ गेले. इतके जवळ, की त्यांचं नाक रंगाला लागेल असं वाटलं.

"मास्तर," शेवटी ते म्हणाले, "येणी वाकडी काढलीया."

तेवढ्यात दारातून आक्कांचा आवाज आला. त्यांनी पदर पुढे ओढला होता, पण आवाज स्वच्छ होता.

"वाकडीच हुती."

व्हरांड्यात कुणीतरी फिसकन हसलं. तात्या गर्रकन दाराकडे वळले. "मंग? लेकीची हळद चाललेली, समद्या बाया तिकडं. मला दावं वळाया येतं, त्येच केलं!"

"आन लई घट," आक्का म्हणाल्या. "दोन दिस डोकं ठणकत हुतं माजं."

मग मात्र कुणालाच आवरलं नाही. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, सभासद भिंतीकडे वळून हसत होते. तात्यांनी उपरण्याखालचा हात काढला आणि मिशीवरून फिरवला. हसू लपवायची त्यांची ती रीत होती.

मास्तर पुढे येऊन दाराच्या दिशेने हात जोडून म्हणाले, "आक्का, विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. माफ करा."

"इचारलं असतं तर मी न्हाई म्हनलो असतो," तात्याच म्हणाले. "फलक ऱ्हाऊ द्या तसाच. चार दिस झालं की ह्ये तेवढं आमच्या घरी पोचवा. माजघरात लावू. बाहेर नको." मग बायकांना आत यायला वाट देत ते स्वतः बाहेर पडले.

चार दिवस वर्ग माणसांनी भरलेला होता. डोंगरातल्या वाड्यांवरून लोक आले. एक म्हातारी बैलाच्या चित्राला हळद-कुंकू लावून गेली. मास्तरांनी ते पुसलं नाही.

मला ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बीए, करंगळी राहून गेली असं वाटलं तुम्हाला? मी आजवर कुणाची करंगळी विसरलोय?" मी विचारलं, "मग तो खिळा रिकामा का ठेवला होता?" ते म्हणाले, "बघणाऱ्यासाठी. एवढं सगळं बघत इथवर आल्यावर माणसाला स्वतःचं एखादं चित्र आठवावं, आणि ते त्यानं तिथं लावावं. मनातल्या मनात." प्रदर्शन संपल्यावर, तात्यांचं चित्र पोचवून आलो तेव्हा, मी त्या खिळ्यासमोर एकटाच उभा राहिलो. खूप आठवलं. मला लावायला काही सापडलं नाही.

मेमध्ये मास्तर निघाले. आम्ही त्यांच्यासाठी घरचा आंबेमोहोर तांदूळ भरून ठेवला होता. पिशवी जड झाली होती. मी उचलली आणि सवयीने पुढे निघालो. थोड्या वेळाने पत्नी मागून म्हणाली, "अहो, एक बंद माझ्याकडं द्या." पिशवीचे दोन बंद दोघांनी धरायचे म्हटलं की शेजारी-शेजारीच चालावं लागतं. चहाच्या दुकानासमोरून जाताना कुणीतरी ओरडलं, "काय गुरुजी, वरात कुटं निगाली?" माझे कान तापले. पण मी बंद सोडला नाही, आणि तिनेही नाही.

मास्तर थांब्यावर उभे होते. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. गाडी आली, पिशवी वर गेली, ते खिडकीत बसले, हात हलवला. मला म्हणाले, "येतो, बीए." तेच त्यांचं शेवटचं बोलणं. पुढे दोन वर्षांनी ते लेकीकडेच वारले.

पण त्याआधी, त्याच वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं एक कार्ड आलं. एका बाजूला पत्ता. दुसऱ्या बाजूला मजकूर नव्हता, चित्र होतं. एक फुगलेली पिशवी आणि तिचे बंद धरलेले दोन हात, एक पुरुषाचा, एक बाईचा. पुरुषाच्या तळव्याजवळ नांगराचा घट्टासुद्धा होता.

पत्नीने कार्ड उजेडात धरलं. "मास्तर चुकले. मी हातात सहा-सहा बांगड्या घालते, त्यांनी पाचच काढल्यात."

"मास्तर चुकत नाहीत," मी म्हणालो.

ती विचारात पडली. मग हसली. मास्तर निघाले त्या दिवशी सकाळी पाण्याचा हंडा उतरवताना तिची एक बांगडी फुटली होती. मला ते माहीतही नव्हतं.

मी डब्यातून एक खिळा काढला. घरात हातोडी नव्हती, तिने वरवंटा आणून दिला. कार्ड लावून मी मागे सरलो आणि विचारलं, "सरळ लागलंय का गं?"

"वाकडंच हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."