शेततळ्याचा दोर

शांतवन पाळकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या शेजाऱ्याच्या विहिरीत डोकावून विचारत होते, "हितं माणूस बुडतो का?" शेजारी घाबरला. त्यानं त्यांचा दंड धरला, मोटारसायकलची किल्ली काढून घेतली आणि बळेबळे चहा पाजत आयुष्य किती मोलाचं असतं ते समजावून सांगितलं. पाळकांनी सगळं शांतपणे ऐकलं, चहाची तारीफ केली आणि निघताना पुन्हा विचारलं, "पर बुडतो का?"

त्यांना बाप्तिस्म्यासाठी पाणी हवं होतं. कवठे महांकाळच्या बाजूला आमची दहा-बारा ख्रिस्ती घरं. मोठ्या शहरातल्या कित्येक चर्चांत डोक्यावर पाणी शिंपडून भागतं, पण आमच्या मंडळीत माणसाला पुरता पाण्याखाली घालून वर काढायची रीत. ही रीत या कोरड्या मुलखात ज्यानं आणली त्यानं बहुधा नकाशा पाहिला नव्हता. कालव्याला पाणी सुटलं की बाप्तिस्मे, नाही सुटलं तर माणसानं आणखी काही महिने पापात राहायचं. पाळक मूळचे मेढ्याचे, भरपूर पावसातले. इकडच्या माणसांना पाण्याविषयी इतके प्रश्न विचारणारा दुसरा कोणी आम्ही पाहिला नव्हता.

अंगानं काटकुळे, डोक्यावर कायम हेल्मेट. द्राक्षबागेत पायी फिरतानाही ते काढत नसत. मोटारसायकलच्या डिकीत स्टीलचा डबा. त्यात येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून मंडळीत वाटतात त्या प्रभुभोजनाचे इवलेसे पेले, द्राक्षरसाची बाटली, पाव आणि एक कोरडी लुंगी. कॉलेजात असताना मला जरा शिंगं फुटली होती. मी त्यांना अडवून विचारलं होतं की प्रभुभोजनातला पाव म्हणजे नुसती खूणच ना? त्यांनी मला उलट विचारलं, "आज आईनं डबा दिलाय का?" मी हो म्हटलं. "मग त्यो डबा म्हंजे आईच्या मायेची नुसती खूण का? आधी खा. मग सांग मला." मी खाल्ला. हा माणूस वादात हरत नाही एवढं कळलं.

पाळकांचा खरा कस लागला तो माझ्या वडिलांपायी. अण्णा फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. बर्फात पहारे केलेला हा माणूस पाण्याला मात्र भ्यायचा. लहानपणी विहिरीत पडून जेमतेम वाचले होते. तेव्हापासून आंघोळीला तांब्याही डोळे उघडे ठेवून ओतत. त्यामुळे बाप्तिस्मा राहिला, आणि बाप्तिस्मा नाही म्हणून प्रभुभोजनही नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी पावाची थाळी रांगेतून यायची, आई तुकडा घ्यायची आणि थाळी अण्णांसमोरून पुढं जायची. त्या वेळी अण्णा छताच्या पंख्याकडे बघायचे. उन्हाळ्यात आणि थंडीतही.

हृदयात स्टेंट बसल्यानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाच्या रविवारी त्यांनी पुढं जाणाऱ्या थाळीची कड धरली आणि सोडेनात. थाळीवाला ओढतोय, अण्णा धरून बसलेत, आई त्यांना कोपर मारतेय. पाळक खाली उतरून आले. अण्णा अगदी हळू म्हणाले, "मला बी पायजे. हिच्यासंगं. एकदा तरी."

पाळकांनी सोपी वाट काढली. दुखणाईत माणसाला शिंपडून चालतं, देव काही रागावत नाही. अण्णांनी ती मोडीत काढली. "फौजेत अर्धा सॅल्यूट नसतो, पाळकसाहेब. बुडवायचं तर पुरतं बुडवा." पाळक का कोण जाणे जरा पांढरे पडले. मग त्यांनी आमच्या शेततळ्याची चौकशी केली. माणूस बुडतो का? अण्णा म्हणाले, छातीपर्यंत पाणी आहे.

द्राक्षवाल्याला शेततळं सांगायला नको. जमिनीत मोठा खड्डा, चारी बाजूंना उतार आणि वरून काळा प्लॅस्टिकचा कागद. त्यावर शेवाळ धरलं की आत जाणं सोपं आणि बाहेर येणं अशक्य. म्हणून काठाला खुंटी ठोकून गाठी मारलेला एक दोर कायम आत सोडलेला असतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी ऊन होतं आणि बायकांना सावली हवी होती. मांडवाला दोर कमी पडला. आमच्या मंडळीच्या हुशार पंचांनी शेततळ्याचाच दोर सोडून मांडवाला बांधला.

पाळक आणि अण्णा हात धरून आत घसरले. प्रार्थना झाली, पाळकांनी अण्णांना पाण्याखाली घातलं आणि वर काढलं. मंडळीनं गाणं धरलं. दोघं उतारावर चढू लागले आणि सपशेल घसरून पुन्हा पाण्याखाली गेले. काठावरून "आमेन" आलं. पुन्हा चढले, पुन्हा गेले. पुन्हा आमेन. लोकांना वाटलं, सुभेदाराचा बाप्तिस्मा आहे, जरा जोरदार असणारच. पाळकांचं हेल्मेट तळ्यात एकटंच तरंगू लागलं. मी पहिल्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

शेळ्या राखणारा बिरूआप्पा बांधावरून हे सगळं बघत होता. त्याचा आमच्या मंडळीशी संबंध एवढाच की त्याच्या शेळ्या आमचा बांध खायच्या. तो धावत आला, मांडवाची गाठ हिसकली, आणि मांडव गाणाऱ्या बायकांवर बसला. गाणं कापडाखालून चालूच राहिलं. बिरूआप्पानं दोर तळ्यात फेकला. "धरा, पाळक! धरा!"

मग आम्हाला उमगलं आणि सगळ्यांनी दोर ओढला. वर आल्यावर पाळक अण्णांच्या गळ्यात पडून थरथरत होते. त्यांना पोहता येत नव्हतं. मेढ्याच्या मुसळधार पावसात वाढलेला हा माणूस जन्मभर गुडघाभर पाण्याच्या पुढं गेला नव्हता, कालव्यातही माणसाला काठाशी बसवूनच बुडवायचा; विहिरीविहिरींतून विचारत फिरायचा तो स्वतःच्याच जिवासाठी. "सुभेदारांनी फुल सॅल्यूट मागितला," ते म्हणाले, "मग मी कसा काठावर ऱ्हाऊ?"

बिरूआप्पानं विचारलं, एवढ्या कुटाण्यानं झालं काय? पाळक म्हणाले, "माणूस खाली गेला, दुसऱ्यांनी वर वढला. एकट्याला जमत न्हाई, आप्पा. एवढंच सांगायचं असतंय त्यात." कोणतं बुडणं खरं धरायचं यावर आमच्या पंचांची पुढं बैठक झाली. अण्णा तिला गेले नाहीत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी थाळी त्यांच्यापाशी थांबली. त्यांनी तुकडा घेतला आणि आईकडे बघून हसले. मला रडू आलं.

नंतरच्या थंडीत पाळक घशाच्या दुखण्यानं सांगलीच्या दवाखान्यात पडले. गिळवत नव्हतं. त्यांना प्रभुभोजन हवं होतं आणि दुसरे पाळक परगावी होते. द्राक्षरसाच्या जागी अण्णांनी खिशातून आपल्या बागेचे बेदाणे काढले आणि दवाखान्याच्या पेल्यात कोमट पाण्यात भिजवले. पाव मिळेना, तर कँटीनमधून टोस्ट आणला. तो इतका कडक होता की अण्णांना तो खाटेच्या दांड्यावर आपटून मोडावा लागला. शेजारचा पेशंट दचकून उठला. नर्सनं येऊन विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, पूजा. ती चपला काढून दारात उभी राहिली.

तुकडा बेदाण्याच्या पाण्यात भिजला आणि अण्णा अडले. हे काम दीक्षा घेतलेल्या पाळकाचं, आपल्याला अधिकार नाही, असं काहीसं पुटपुटले. पाळकांचा आवाज जवळजवळ गेलेला होता. "बिरूआप्पानं," ते म्हणाले, "कुणाला इचारून दोर टाकला वं, सुभेदार?"

अण्णांनी तुकडा उचलला. प्रभुभोजनाचे शब्द त्यांना पाठ नव्हते. आयुष्यभर ते म्हटले जात असताना हा माणूस पंख्याकडे बघत बसला होता. त्यांनी पाळकांच्या मानेखाली हात घातला, तुकडा जिभेवर ठेवला आणि तोंडाला आलं ते म्हणाले, "धरा, पाळकसाहेब. धरा."

पाळकांनी धरला. गिळायला फार वेळ लागला. तोवर अण्णांनी मानेखालचा हात काढला नाही.