हरलेल्या मॅचची भिंत

पेंटरला एक वाईट खोड होती. तो खरं लिहायचा.

तसं त्याचं पोट भरायचं ते थापांवर. 'एकमेव विश्वासू दुकान', 'दहा मिनिटांत दुरुस्ती', गिऱ्हाईक सांगेल ते तो मुकाट्याने पाटीवर उतरवायचा. वर म्हणायचा, "अक्षर माझं, पाप तुमचं." पण दुकानाच्या समोर, रस्ता ओलांडला की हॉकीच्या मैदानाची लांबलचक भिंत होती. त्या भिंतीवर तो कुणाच्या बापाचं ऐकत नव्हता.

बावीस वर्षांपूर्वी क्लबने त्याला तिथे टीमचं नाव लिहायला बोलावलं होतं. नाव लिहून झालं, डब्याच्या तळाला निळा ऑइलपेंट उरला, आणि त्याच संध्याकाळी टीम चार गोलने आपटली. क्लबचे पदाधिकारी तोंड लपवत मागच्या गेटने पळाले. पेंटरचं टाळकं सरकलं. त्याने नावाखाली तारीख टाकली, समोरच्या टीमचं नाव टाकलं आणि लिहिलं, ०–४.

"अहो, हे काय?" सेक्रेटरी ओरडला.

"स्कोअर."

"हरलेला कशाला लिहिता?"

"जिंकलेला गाढवही सांगत फिरतं. हरलेला लिहायला माणूस लागतो."

तेव्हापासून दर मॅचनंतर एक ओळ. घरची मॅच असो नाहीतर बाहेरगावची, हा टीमच्या बसमध्ये मागच्या सीटवर, मांडीवर डबा. स्कोअरच्या बाजूला बारीक अक्षरात शेरा पण असायचा. 'ऊन फार.' 'अंपायरला चष्मा हवा.' 'आपलेच चुकले.' एकदा लिहिलं की त्याच्या डोक्यातून ते गेलं. भिंतीने लक्षात ठेवायचं, आपण पुढच्या मॅचला जायचं, असा त्याचा हिशोब.

मग लेक मोठी झाली आणि तिने सांगितलं, "बाबा, मला आपला गोलकीपर आवडतो."

पेंटरने ब्रश खाली ठेवला. "त्याच्या पायांतून जगातलं सगळं निसटतं. तू नाही निसटणार?"

"मी चेंडू आहे का?"

लग्न झालं. जावयाला वाटलं, आता सासरे जरा हात आखडता घेतील. लग्नानंतरच्या पहिल्याच मॅचला त्याने सहा गोल खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर १–६, आणि शेजारी, 'जावईबापू वाकलेच नाहीत.' मान दिला होता, अहो-जाहो केलं होतं, पण लिहिलं होतं.

असं चालू होतं. पण गेली दोन वर्षं टीम सलग शेवटच्या नंबरवर आली आणि पायऱ्यांवरच्या लोकांची हवाच गेली. पायऱ्या म्हणजे गोलच्या मागच्या, उन्हाच्या बाजूच्या. तिथे एक ट्रक ड्रायव्हर बसायचा, त्याला सगळे हॉर्न म्हणायचे, कारण भंगारातून आणलेला बसचा हॉर्न तो प्रत्येक मॅचला वाजवायचा. त्याच्या शेजारी केस कापणारा, कात्री. हे दोघं टीमला जेवढ्या शिव्या द्यायचे तेवढ्या बाहेरच्या कुणी एक जरी दिली तरी त्याची कॉलर धरायचे.

"टीम काढली ना लीगमधून, तर इथे गाड्या लावतील बघ," हॉर्न म्हणाला. "पांढरे पट्टे मारायला पेंटरलाच बोलावतील."

"नवीन पोरं तर आताच येत नाहीत," कात्री म्हणाला. "परवा एकाचे केस कापताना म्हटलं, खेळायला ये. म्हणतो, पुढच्या वर्षी टीम असेल का? मी काय सांगू? कान जपून कापला, एवढंच."

"मग रविवारी आपण करायचं काय?"

बायकोबरोबर बाजारात जायचं, असं एकजण म्हणाला. त्याच्याकडे सगळ्यांनी असं बघितलं की तो उठून दुसऱ्या पायरीवर जाऊन बसला.

लीगवाले शनिवारी चार वाजता येणार होते. मैदान बघणार, आणि टीम ठेवायची की काढायची ते तिथेच सांगणार. जावयाला आठवडाभर झोप नव्हती. त्याने हॉर्न आणि कात्रीला बाजूला घेतलं.

"ते गेटकडे येणार तर पहिलं काय दिसणार? बावीस वर्षांची आपली धुलाई! भिंत बघूनच परत जातील."

"पण पेंटर?"

"बाबा गुरुवार-शुक्रवार बस डेपोत आहेत. गाड्यांवर नंबर टाकायचेत."

शुक्रवारी दुपारी तिघांनी चुन्याच्या बादल्या आणल्या. जीव ओतून भिंत पांढरी केली. टीमसाठी केलं, त्यात खोट नव्हती. फक्त जावयाने एका टोकाला तीन-तीन हात मारले. त्याच्या मॅच तिथूनच सुरू होत होत्या.

शनिवारी दुपारी बारा वाजता पेंटर परत आला. रस्त्याच्या मधोमध थांबला. मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय, शिव्या देतोय, हा हलेना.

"कुणी केलं?"

लेक दुकानात बसली होती. तिने शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. अजिबात वेळ घेतला नाही.

"जावईबापू," पेंटर म्हणाला. तो चिडला की जास्तच मान द्यायचा. "तुम्हाला गोल अडवता येत नाहीत, ठीक आहे. पण झालेले गोल पुसता तुम्ही?"

"बाबा, लाज वाटते हो! येणारा-जाणारा वाचतो. माझा मुलगा उद्या वाचायला शिकेल!"

"मग शिकू दे की. त्याला कळू दे, बाप सात गोल खाऊन पुढच्या रविवारी परत उभा राहिला. तुम्हाला त्याची लाज वाटते? मला तर तुमच्यात दाखवण्यासारखं तेवढंच दिसलं होतं. म्हणून पोरगी दिली."

आठ वर्षांत सासऱ्याने केलेलं हे पहिलं कौतुक, आणि ते पण शिव्यांत गुंडाळलेलं.

तेवढ्यात सेक्रेटरी धापा टाकत आला. हातात लीगचं पत्र. सलग दोन वर्षं शेवटी आलेली टीम एकाच अटीवर राहते, त्यात लिहिलं होतं. मागच्या दहा वर्षांत एकही मॅच बुडवलेली नसली पाहिजे. आणि लीगच्या यादीत, आठ वर्षांपूर्वीच्या एका बाहेरगावच्या मॅचपुढे शेरा होता, 'संघ गैरहजर'.

"आपण? गैरहजर?" पेंटरचा आवाज चढला. "आपण एवढे वाईट खेळतो, पण गैरहजर?"

"मलाही पटत नाही. पण आपल्या कपाटाला वाळवी लागली, जुने कागद गेले. समोरची टीम केव्हाच बंद पडली, तिचे कागदही गेले. तुम्हाला आठवतं का काही?"

"मला कशाला आठवेल? भिंतीवर लि..."

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. पांढरीफटक.

"फोटो!" हॉर्न म्हणाला. "माझ्या फोनमध्ये भिंतीचे फोटो आहेत."

त्याच्याकडे होते. कात्रीकडे होते. जावयाकडे तर अकरा होते. सगळेच्या सगळे जिंकलेल्या ओळींचे.

जावई मटकन फुटपाथवर बसला. "टीम मी घालवली," तो म्हणाला. "गोल खाऊन नाही गेली ती, चुना लावून गेली."

पेंटर भिंतीजवळ गेला. बोटाला थुंकी लावली आणि चुन्यावर घासली. बोट पांढरं झालं. खाली निळा ठिपका दिसला.

"आधी खरवडून घेतलं होतंत का? पॉलिश पेपर मारला?"

"नाही. नुसता चुना."

"देवा, माझा जावई कामात कच्चा ठेवलास, उपकार तुझे!" पेंटर हसायला लागला. "ऑइलपेंटवर चुना म्हणजे घामाच्या अंगावर पावडर. पाणी आणा! उठा जावईबापू, मैदान भिजवायचा पाइप आणा!"

अर्ध्या तासात पायऱ्यांवरची निम्मी माणसं तिथे जमली. कुणी गोणपाट आणलं, कुणी भांड्याची घासणी. कात्री दुकान उघडं टाकून मानेवरचे केस झटकायचे ब्रश घेऊन आला. लेकीने पदर खोचला. पांढरं पाणी गटाराला लागलं आणि भिंतीतून निळे आकडे वर यायला लागले. ०–५. १–४. २–९.

"दोन-नऊ निघाली!" हॉर्न ओरडला, टीमने गोल मारावा तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नेमकी तीन हातांची बाजू निघेना. तिथे जावई एकटाच घासत होता, नखं पांढरी, शर्ट चिंब. चारला दहा कमी असताना लीगवाल्यांची गाडी आली. दोघं उतरले, एक म्हातारे साहेब आणि एक तरुण. समोर बघतात तर तीसेक माणसं आपलेच पराभव घासूनपुसून चकचकीत करतायत.

"हे काय चाललंय?" म्हाताऱ्या साहेबांनी विचारलं.

"सापडली!" जावई तेव्हाच ओरडला.

पेंटरने चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं. "शून्य–सात. बस बंद पडली, ढकलत नेली. नऊच जण पोचले. गोलकीपरचं एक पॅड बसमध्ये राहिलं. अंपायर चिडला, तक्रार लिहितो म्हणाला." तारीख तीच होती.

साहेबांनी तारीख पत्राशी ताडून पाहिली. मान हलवली. "भिंत म्हणजे काही कागद नाही हो."

"नसू दे. कागद तुमच्याचकडे आहे," पेंटर म्हणाला. "मॅचच्या फायलीत नसेल तर तक्रारीच्या फायलीत बघा. अंपायरने काय लिहिलं असेल ते चांगलं नसणार. पण आम्ही नसताना आमची तक्रार कशी करेल?"

तरुणाने ऑफिसला फोन लावला. पलीकडचा क्लार्क फाइल काढतो म्हणाला. हॉर्नने हॉर्न पोटाशी दाबून धरला होता. जावयाने लेकीचा हात धरला. तिने सोडवला नाही, पण म्हणाली, "चुन्याचा आहे."

"मिळालं," फोनमधून आवाज आला. "अंपायरची तक्रार. संघ उशिरा आला, नऊच खेळाडू, गोलकीपर एका पायात पॅड घालून उभा. शिस्तीचा भंग."

"तो भंग मी!" जावई ओरडला. "एक पॅड! मीच तो!"

मग जो हॉर्न वाजला, त्याने दोन गल्ल्यांतली कुत्री उठली.

साहेबांनी यादीतलं 'गैरहजर' खोडलं, बाजूला सही केली. टीम राहिली. एक वर्ष तरी राहिली. तरुण मात्र जाता जाता बोललाच, "सात गोलने हरलात, त्याचा एवढा जल्लोष?"

"हरायला जावं लागतं, साहेब," पेंटर म्हणाला. "घरी बसून हरता येत नाही."

संध्याकाळी जावई हळूच दुकानात आला. "बाबा, ती एक ओळ तरी जरा बारीक करा ना. घासून फिकी पडलीच आहे."

"बरं केलंत सांगितलंत," म्हणत पेंटर उठला आणि डबा उघडून त्याने शून्य–सात पहिल्यापेक्षा जाड अक्षरात परत गिरवलं.

नव्या सीझनची पहिली मॅच घरच्या मैदानावर झाली. पायऱ्या भरल्या होत्या. टीम १–५ने हरली. पेंटरने भिंतीवर तसंच लिहिलं, आणि शेजारी बारीक अक्षरात शेरा टाकला, 'अकराच्या अकरा आले. दोन्ही पॅड होते.'